मोठ्या आईचं शेवटचं पाणी

गावात म्हणतात, मोठी आई शेवटचं पाणी न घेता गेली.

खोटं आहे.

आज तिची तेरवी झाली. पंगती उठल्या, मंडपवाला कापड सोडून नेतोय, आणि मी ओसरीवर बसून हे लिहितेय. बाबा, ही पोस्ट तुमच्याही फोनवर येईल. पूर्ण वाचा.

मोठी आई म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा माझ्या जन्माआधीच गेले. तेव्हापासून घर आणि वावर दोन्ही बाबांच्या नावावर. मोठ्या आईचं म्हणावं असं एकच, तिचा मुलगा सुधाकरदादा. तोही आखातात, एका हॉटेलच्या किचनमध्ये.

तिथेच त्यानं मेरीशी लग्न केलं. ती फिलिपिन्सची. आमच्या घरानं ते लग्न मोडलं नाही आणि मानलंही नाही. विषयच काढायचा नाही, असं न बोलता ठरलं होतं.

मोठ्या आईला लकवा मारला तेव्हा दोघं धावत आले. दादाची सुट्टी संपली, तो गेला. मेरीची नोकरी नेमकी सुटलेली होती.

ती राहिली. व्हिजिट व्हिसावर.

गावानं तिचं नाव ठेवलं नेपाळीण. ती कुठली, हे विचारायचीही तसदी कोणी घेतली नाही.

मोठ्या आईला कुशीवर वळवणं, अंग पुसणं, वेणी घालणं, सगळं मेरीनं केलं. ज्वारीच्या कण्या शिजवायला शिकली. पहिल्या दिवशी लगदा झाला होता. मोठी आई तोंडाच्या चालणाऱ्या बाजूनं हसली आणि म्हणाली, "हे तं भिंतीले लावाले बरं हाय." मेरीला एक शब्द कळला नाही, पण तीही हसली.

मग व्हिसाची मुदत संपत आली.

मुदतवाढीचा अर्ज करता येत होता. ऑनलाइन अर्ज मीच भरला. आमच्या घरात डिग्री मिळवलेली मी पहिली, तिचा काहीतरी उपयोग होईल असं वाटलं. डॉक्टरांचा कागद जोडला, लग्नाचा जोडला. फक्त एक राहिलं. ती ज्या घरी राहते, त्या घरमालकाचं पत्र.

चार ओळींचं पत्र. ही बाई माझ्या घरी राहते, इतकंच लिहायचं.

बाबा नाही म्हणाले.

"दस्तखत दिलं म्हन्जे तिले या घरची केली. आज राहाले कागद मागते, उद्या वावरात हिस्सा मागन."

मी म्हटलं, अशा पत्रानं कोणाला हिस्सा मिळत नाही. आणि ती इथं राहते, हे तर अख्ख्या गावाला माहीत आहे.

"गावाले मालूम असनं येगळं. कागदाले मालूम असनं येगळं."

मी वाद घातला, रडले, जेवले नाही. शिकवलं तर घर फोडायला शिकली, असं ऐकून घेतलं. शेजारच्या बायका दारात उभ्या राहून म्हणाल्या, परक्या देशाची बाई, तिचं काय एवढं? रोज संध्याकाळी याच बायका मोठ्या आईजवळ येऊन बसायच्या, आणि मेरीच्या हातचा चहा पिऊन जायच्या.

मोठी आई खाटेवरून सगळं ऐकत होती. मला जवळ बोलावून म्हणाली, माझा अंगठा घे.

मला सांगावं लागलं की तुझा अंगठा चालणार नाही. घर तुझ्या नावावर नाही.



"मंग मी इतके वर्सं कोनाच्या घरी राहून राह्यली वं?"

  तुमच्यापैकी कोणाला याचं उत्तर येत असेल, तर 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाइप करण्याऐवजी ते कमेंटमध्ये लिहा.

मेरी म्हणाली, मी अशीच राहते, पाहू काय होतं ते. मी तिला नको म्हटलं. मुदत ओलांडली असती तर या देशाचं दार कदाचित कायमचं बंद झालं असतं. मोठी आईही म्हणाली, "जाऊ दे तिले. पकडून नेतीन."

मेरी जायच्या दिवशी सकाळी मोठ्या आईनं मला तुळशीचं पान आणायला लावलं. तांब्यात टाकायला लावलं.

"तिले सांग, मले पाज. तवाचं आताच."

आमच्याकडे शेवटचं पाणी घरच्या माणसानं पाजायचं असतं. सुनेनं पाजलं तर बाई भाग्याची. मी मेरीला जमेल तसं समजावलं. तिनं चमचा मोठ्या आईच्या ओठांना लावला. चमचाभर पाणी आत गेलं, थोडं मानेवरून ओघळलं. मोठ्या आईनं डोळे मिटले आणि पदरानं ओठ पुसले.

बाबा दारातच उभे होते. त्यांना वाटलं, म्हातारीला तहान लागली.

मेरी गेली. पुढच्याच आठवड्यात मोठी आई गेली.

अखेरच्या घटकेला बायकांनी पाणी आणलं. माझ्या आईनं चमचा पुढे केला. मोठ्या आईनं ओठ घट्ट मिटले. पुन्हा केला, पुन्हा मिटले. बाबा रडत म्हणाले, काऊन घेऊन नाही राह्यली ही?

बाबा, हे त्याचं उत्तर. तिनं घेतलं होतं. तिच्या सुनेच्या हातून, तुमच्या डोळ्यांसमोर.

बसस्टँडवर लागलेल्या फ्लेक्सवर मोठ्या आईचा फोटो आहे. शेजारची मेरी कापून टाकलीय. पण खांद्यावर तिची चार बोटं राहिलीत. कापणाऱ्याच्या लक्षात आलं नाही.

त्यावर शोकाकुल म्हणून आम्हा सगळ्यांची नावं आहेत. एक राहिलं, ते मी इथे लिहिते.

मेरी. सून.

नीट जा, मोठी आई. तू तहानलेली गेली नाहीस.