खंडेनवमीचा हार आणि मिरजेतला स्विच

एखादं यंत्र बंद पडलं की तुमचं पहिलं बोट कोणाकडे जातं? खरं सांगा. यंत्राकडे, की त्याच्या आसपास फरशी पुसणाऱ्या बाईकडे?

मी साताऱ्यात बसून मिरजेतल्या एका हॉस्पिटलचे नेटवर्क स्विच सांभाळते. स्विच म्हणजे पत्र्याचा डबा. मजल्यावरच्या सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी त्यात येतात. माझा सर्व्हर दर पाच मिनिटांनी प्रत्येक डब्याला विचारतो : चालू आहेस का, किती तापलास, कुठली वायर निसटली? आणि डबा उत्तर देतो. कंपनी कुठलीही असो, विचारायची रीत एकच. माझं बालपण आष्ट्यात, वडील गावोगाव वाटायचे त्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून गेलं. सर्वांना कळेल अशा एकाच भाषेत बोला, असं त्यांत असायचं. माणसांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. पत्र्याच्या डब्यांनी घेतलं, याचं मला अजून नवल वाटतं.

दसऱ्यानंतर लॅबमधला स्विच रोज दुपारी बंद पडू लागला. रक्ताचे रिपोर्ट वॉर्डात पोचेनात. थोड्या वेळाने तो आपोआप सुरू व्हायचा. चौथ्या दिवशी तिथल्या सुपरवायझरांचा फोन आला.

"मॅडम, चोर घावला. दुपारी फरशी पुसणारी मावशी हाय न्हवं, ती फरशीचं मशीन लावायला आपल्या स्विचचा प्लग काढती. उद्यापासनं येऊ नको म्हणून सांगितलंय तिला."

मागून मावशींचा आवाज आला, "आवं ताई, मी न्हाई वो हात लावला! माझ्या मशीनचा प्लग पल्याडच्या भितीला हाय. बघा तरी येऊन!"

मावशी कंत्राटावर होत्या. त्यांना काढायला कागदसुद्धा लागत नव्हता. माझं डोकं फिरलं, पण नुसत्या रागाने त्यांचं काम वाचणार नव्हतं. तोवर मी स्विच चालू की बंद एवढंच बघत होते. आता तापमानाचा आलेख उघडला.

डब्याने सगळं सांगून ठेवलं होतं. प्लग काढला असता तर तो गार असतानाच अचानक गप्प झाला असता. पण रोज सकाळी अकरापासून, ऊन चढेल तसा, तो तापत होता, ठरावीक आकड्याला पोचला की स्वतःला बंद करत होता आणि निवला की पुन्हा उठत होता. जळायच्या आधी स्वतःला सावरत होता! फोन अजून चालूच होता.

"सर, प्लग कोणी काढलेला नाही. स्विच तापतोय."

"यंत्र काय साक्ष देतंय व्हय?" ते हसले.

"देतंय. पाठवते, बघा."

मग मी आलेखावर मागे मागे गेले. तापायला लागला कधी? दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीच्या दुपारपासून. त्या दिवशी मी मिरजेतच होते. लॅबमध्ये यंत्रांची पूजा चालली होती. मावशींनी झेंडूचे हार ओवले होते. त्यातला सगळ्यात जाड हार मी मागून घेतला आणि माझ्या लाडक्या स्विचला घातला, आतली गरम हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्याच्या जाळीवरून, दुपदरी.

"सर, फोन स्पीकरवर टाका. मावशी, तो हार अजून आहे का?"

"हाय की. पार सुकलाय. पर पूजेचा हार, त्यात तुमी घातलेला. मी कशी काढू?"

"काढा. चूक माझी आहे. सर, ऐकताय ना? माझी."

मावशींनी हार काढला. मी पडद्यावरून नजर हलवली नाही. पुढचा ठिपका उमटला तो आधीच्यापेक्षा खाली. त्याच्या पुढचा आणखी खाली. मिरजेत एका बाईचा हात हलला आणि साताऱ्यात माझ्यासमोर रेघ उतरत गेली. एवढं सुंदर मी त्या पडद्यावर कधी पाहिलं नव्हतं.

सुपरवायझर नरमले. "उद्या या मावशी, नेहमीच्या टायमाला."

"येते की," मावशी म्हणाल्या. "पर सकाळधरनं मी बोंबलत हुते ते कुनी ऐकलं न्हाई. डबा बोलला तवा खरं झालं व्हय?"

डब्याला मी दर पाच मिनिटांनी विचारत होते. मावशींना चार दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं.

तुमच्या ऑफिसातही कपाटामागे किंवा जिन्याखाली असा डबा असेल. आज त्याच्या जाळीसमोर हात धरा, वारा येतो का बघा. हार असेल तर काढा. आणि तिथली फरशी पुसणाऱ्या बाईंना, काही बिघडायच्या आधीच, विचारा : इथं तुम्हाला काय दिसतं?