मुक्कामी गाडी आणि सिनेमाचा शेवट

लग्न होऊन मी सुप्याजवळच्या सासरच्या गावी आले तेव्हा वीज चार घरांत आणि पाणी विहिरीवरून, याची तयारी मनाने केलेली होती. पण त्या अख्ख्या गावात सिनेमाचा शेवट पाहिलेलं एकही माणूस नाही, याची कल्पना मला कुणी दिली नव्हती.

कारण साधं होतं. बायका सकाळच्या एस.टी.नं नगरला जायच्या, बाजार उरकायच्या आणि तीनच्या खेळाला बसायच्या. खेळ सुटायचा सहाला. आणि आमच्या गावी मुक्कामाला येणारी शेवटची गाडी नगरच्या माळीवाडा स्टँडवरून त्याच्या आधीच निघायची. त्यामुळे पडद्यावर काहीही चाललेलं असो, सोबत आलेला घड्याळवाला बाप्या "चला गं, गाडी!" म्हणून उठला की पोरं, पिशव्या, गोडेतेलाची बाटली सावरत सगळी रांग उठायची. मागचे शहरी लोक ओरडायचे. नायिका रुळांवर असेल तर रुळांवर, नायक फासाखाली असेल तर फासाखाली, त्यांना तसंच सोडून आमचं गाव स्टँडकडे पळायचं. उरलेला सिनेमा मग गाडीत व्हायचा.

"मरत न्हाई गं तो. हिरो हाय."

"मंग आई मरती. कुनीतरी मेल्याबिगर सिनेमा सुटत न्हाई."

कंडक्टरसुद्धा तिकिटं फाडता फाडता आपला एक शेवट सांगून जायचा.

अशा गावात मी पडले नगरची. माझ्या माहेरची मोरी आणि थेटराची मागची भिंत यांच्यामध्ये एक बोळ, तेवढंच अंतर. भांडी घासता घासता मला सिनेमेच्या सिनेमे पाठ झालेले. खरं तर पाहिले होते थोडे आणि ऐकले होते फार, पण हा फरक तेव्हा मला कुणी विचारला नाही आणि मीही सांगितला नाही. माझा स्वयंपाक बेताचाच होता. भाकरी थापली की ती कुठल्या तरी तालुक्याच्या नकाशासारखी व्हायची. पण शेवट माहीत असलेली सून म्हणून गावात माझं वजन वाढलं. सिनेमा चांगला की वाईट हे ठरवायचं माझं मापही पक्कं होतं. रडू आलं तर चांगला, हुंदका आला तर उत्तम, आणि शेजारच्या बाईनं पाणी विचारलं तर मग बोलायलाच नको.

घरात माझ्या नणंदबाई होत्या. यांची पाठची बहीण, पण वयानं माझ्याहून मोठी. मी त्यांना वन्सं म्हणायची. त्यांचं सासर मिरजगावकडचं. लग्नाला काही वर्षं होऊनही मूल नव्हतं, आणि त्यावरून सासू उठता-बसता बोलायची. एक दिवस ती म्हणाली, "जा तुज्या बापाकडं," आणि वन्सं खरंच निघून आल्या. त्यांच्या नवऱ्यानं त्यांना गाडीपर्यंत सोडलं, खिडकीची जागा धरून दिली आणि तो खाली उतरला. चकार शब्द बोलला नाही. त्याला दीड-दोन वर्षं झाली होती. इकडे वन्संची सातवी झालेली असल्यानं नगरच्या सरकारी दवाखान्यात नर्सच्या ट्रेनिंगला त्यांची निवड झाली होती. आणि नेमका त्याच सुमारास मिरजगावहून निरोप आला, की येत्या पंधरवड्यात आम्ही सुनेला न्यायला येतो.

माझ्या सासूबाईंना तो निरोप म्हणजे देवाचा प्रसाद वाटला. वन्सं मात्र ना हो म्हणत, ना नाही.

त्या हो का म्हणत नाहीत याचं कारण सासूबाईंनी शोधून काढलं. कारण होतं एक सिनेमा. जुनाच, पण नगरला तो तेव्हा पुन्हा लागून बरेच आठवडे चालू होता. सासू सुनेला छळते. छळ पुष्कळ होतो. आणि अखेर सून लोखंडी पेटी उचलून घराबाहेर पडते. पेटी उचलली की आमच्या गावच्या गाडीची वेळ व्हायची. त्यामुळे गावाच्या दृष्टीनं सिनेमा तिथेच संपला होता. निम्म्या बायकांना ती सून निलाजरी वाटली. वन्संना मात्र तो आजवरचा सगळ्यात भारी सिनेमा वाटला. भाकरी करतानासुद्धा त्या मधेच म्हणायच्या, "काय पेटी उचलली बाईनं!"

मी सासूबाईंना सांगितलं, "अहो आत्या, पुढे ती परत येते. सासू आजारी पडते, सून येऊन पाय धरते, सगळे रडतात. मी तर किती वेळा रडलेय."

सासूबाईंचा चेहरा उजळला. "मंग अर्धा बघूनच डोस्कं फिरलंय व्हय तिचं! तू असं कर, एक रात म्हायेरी ऱ्हावा दोघी, अन् तिला पुरता दावून आन."

इतकी मोठी कामगिरी माझ्यावर त्याआधी कुणी सोपवली नव्हती. रुमाल घेऊन मी निघाले. स्वतःसाठी एक आणि वन्संसाठी एक.

शनिवारी तीनच्या खेळाला बसलो. पडद्यावर सुनेनं पेटी उचलली तशा वन्सं सवयीनं उठून उभ्या राहिल्या. मी पदर धरून त्यांना खाली ओढलं. "बसा! आज गाडी नाही." त्या ओशाळून बसल्या. मग सासूचं आजारपण आलं, वैद्य आला, पाऊस आला, आणि पावसातून भिजत सून आली. तिनं सासूचे पाय धरले, बासऱ्या वाजल्या. मी रुमाल काढला आणि तिरक्या डोळ्यानं वन्संकडे पाहिलं. त्या मान उंच करून पडद्यावर काहीतरी शोधत होत्या.

"पेटी कुठाय?"

"कसली पेटी?"

"घिऊन गेल्ती ती. हातात न्हाई."

"ओ बाई, जरा गप बसा की!" मागून कुणी तरी म्हणालं. माझा हुंदका घशातल्या घशात राहिला.

रात्री जेवताना मी म्हटलं, सिनेमावाले विसरले असतील. वन्सं म्हणाल्या, "एवढा मोठा सिनेमा काढत्यात, अन् पेटी इसरत्यात? न्हाई वैनी. पेटी तिनं खोलीवर ठिवलीय. आजारी मानसाला भेटाया आलीय ती. भेटंल अन् जाईल."

"अगदी बरोबर मुद्दा आहे," माझे वडील घास हातात धरून म्हणाले.

"तुम्ही गप जेवा," आई म्हणाली.

मला वाटलं, गेली कामगिरी पाण्यात. पण दुसऱ्या दिवशी रविवार, रविवारी बाराचाही खेळ असे, आणि वन्सं आपण होऊन म्हणाल्या, "परत बघू." मला वाटलं, पेटीचा गोंधळ आता निस्तरेल. वन्सं रडतील एकदाच्या.

या वेळी त्या सुरुवातीपासूनच वेगळ्या बसल्या होत्या. पहिल्याच भांडणात, सासू ताट भिरकावते तिथे, त्यांनी मला कोपरानं ढोसलं.

"त्याच्याकडं बघा."

"कुणाकडे?"

"नवऱ्याकडं. खिडकीपाशी."

मी पाहिलं. खिडकीपाशी नायक उभा होता आणि घड्याळाला चावी देत होता. पुढच्या भांडणात तो पेपर वाचत होता. त्याच्या पुढच्यात बुटाची नाडी बांधत होता, आणि ती नाडी भांडण संपेपर्यंत बांधून होत नव्हती. सुनेनं पेटी उचलली तेव्हा तो दाराआड होता. त्याचा नुसता हात चौकटीवर दिसत होता. या सिनेमातला शब्द न् शब्द मला येत होता. पण हा माणूस मी कधी पाहिलाच नव्हता, कारण त्याला बोलायला एक शब्द दिलेला नव्हता, आणि आमच्या मोरीत त्यामुळे तो कधी पोचलाच नव्हता!

"सासू परवडली की हो," वन्सं हळू आवाजात म्हणाल्या. "ती निदान बोलती तरी." आणि थोड्या वेळानं, "त्याला बी कुनी इचारत न्हाई बघा. समदी त्याच्याम्होरं भांडत्यात, पर तुझं काय बाबा, असं कुनी म्हनत न्हाई."

शेवट आला. बासऱ्या वाजल्या. पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांना पाणी आलं नाही, आणि खरं सांगते, मला माझाच राग आला. इतकी वर्षं उत्तम म्हणून मिरवलेला सिनेमा, आणि मी नुसती दारापलीकडच्या त्या हाताचा विचार करत बसले होते.

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परतलो. घरी सासूबाईंनी विचारलं, "रडली का?" मी म्हटलं, "नाही, पण दोनदा पाहिला." त्यांना ते शुभलक्षण वाटलं.

ठरल्याप्रमाणे मंडळी आली. वन्संची सासू, एक मामा आणि जावई. पोहे झाले. वन्संची सासू म्हणाली, "झालंगेलं इसरायचं. पोरीला तयार करा." आमच्या सासूबाईंनी तर लुगडी बांधूनच ठेवली होती. मी चहाचं ताट घेऊन उभी होते आणि वन्सं माझ्या पुढे, उंबऱ्याशी.

मोठ्यांसमोर बाईनं नवऱ्याशी बोलायची तेव्हा रीतच नव्हती. काही लागलं तर भिंतीकडे बघून सांगायचं. वन्संनी सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"तुमचं काय म्हननं हाय?"

जावयानं मागे वळून पाहिलं, कुणाला विचारलं म्हणून. मागे फक्त धान्याची कणगी होती.

"त्याचं काय इचारायचं?" वन्संची सासू म्हणाली. "मी सांगती की..."

"आत्याबाई, तुमचं आइकलं मी. आता त्यांचं."

मामा उगाच खोकला. जावई पायाच्या अंगठ्यानं शेणाची जमीन उकरत होता.

"मला," तो म्हणाला, "आजवर कुनी इचारलंच न्हाई."

"मंग आता इचारती."

"तू हुतीस तवा बरं हुतं." मग अंगठा थांबवून, "पर आलीस तर परत त्येच हुईल. मला आईम्होरं बोलाया येत न्हाई."

मला त्याची इतकी कणव आली की चहा देऊन टाकावा असं वाटलं. पण वन्संच्या डोळ्यांत पाणी तरारलेलं दिसलं आणि मी जागची हलले नाही.

"मी नगरला जाती, नर्सचं शिकाया," त्या म्हणाल्या. "तवर तुमी शिका बोलाया."

मग व्हायचं ते झालं. सासूबाईंनी आधी वन्संना आणि मग मला धारेवर धरलं. "सिनेमा दावाया धाडली, का पोरगी बिघडवाया?" वन्संची सासू चहा न घेताच उठली. मामा मात्र घोटभर घेऊन उठला. सगळे अंगणात गेले आणि जावई उंबऱ्यापाशी घुटमळला.

"नगरात कुठं?" त्यानं विचारलं.

वन्संनी सांगितलं.

"रविवारी गाठ पडंल?"

"दुपारची."

तो मान हलवून गेला. आम्ही दोघी दाराशी कान देऊन उभ्या. गल्लीच्या वळणावर त्याचा आवाज आला, तोंडातल्या तोंडात बोलल्यासारखा. "आई, मी दर रविवारी नगरला जानार हाय."

"काय म्हनलास?" त्याची आई म्हणाली.

त्यानं पुन्हा सांगितलं. जरा मोठ्यानं.