कस्तुरे वकिलांनी न वाचलेलं मृत्युपत्र

बुलढाण्याला कोर्टासमोरच्या एका गाळ्यात उद्धव कस्तुरे आणि मी, दोघा वकिलांची टेबलं शेजारी-शेजारी होती. कस्तुरे नोटरीचं काम करायचे. सही करायला आलेल्या माणसाला ते समोर बसवायचे, त्याचा कागद त्यालाच मोठ्यानं वाचून दाखवायचे, "समजलं का?" म्हणून विचारायचे आणि मगच शिक्का उचलायचे. साध्या प्रतिज्ञापत्राला अर्धा तास जायचा. लोक वैतागायचे, मीही चिडवायचो.

मग त्यांनी संगणक आणि स्कॅनर घेतला. प्रत्येक कागदाची प्रत आणि सही करणाऱ्याचा फोटो त्यात जाऊ लागला. झेरॉक्स काढून गठ्ठे बांधणं बंद झालं. कायद्यानं ठेवावी लागणारी नोंदवही होतीच, पण तिच्यात तारीख, नाव, कागदाचा प्रकार आणि सही-अंगठा एवढंच. मजकूर सगळा संगणकात. काम भराभर व्हायला लागलं आणि वाचून दाखवणं कधी सुटलं, ते त्यांनाही कळलं नाही. त्यांची मुलगी गार्गी फोनवर दोनदा म्हणाली होती, "बाबा, दुसऱ्या डिस्कवरही एक प्रत ठेवा." ते "ठेवतो" म्हणाले आणि राहून गेलं.

एका उन्हाळ्यात, विजेच्या लपंडावात, संगणक बंद पडला. दुरुस्तीवाल्यानं चार दिवस ठेवून घेतला आणि सांगितलं, यातलं काही परत येणार नाही.

दोनच महिन्यांनी दुसरबीडची सिंधू आली. चाळिशीची, एकटी बाई. तिच्या मावशीचे यजमान शालिग्राम यांना मूलबाळ नव्हतं. मावशी गेल्यावर नऊ वर्षं सिंधूनंच त्यांचं केलं. त्यांनी राहतं घर तिच्या नावानं लिहून ठेवलं होतं, तो कागद कस्तुऱ्यांकडेच झाला होता. आता शालिग्राम वारले होते, पेटीतला कागद सापडत नव्हता आणि त्यांचा पुतण्या जीवन घर मागत होता.

"तुमच्याजोळ नक्कल असंन ना साहेब?" तिनं विचारलं.

कस्तुऱ्यांनी नोंदवही उघडली. तारीख होती, 'मृत्युपत्र' असा शब्द होता, शालिग्रामचा अंगठा होता. नक्कल मात्र संगणकाबरोबर गेली होती, तसं त्यांनी तिला सांगितलं.

प्रकरण कोर्टात गेलं. दोन साक्षीदारांपैकी एक वारला होता. दुसरा म्हणाला, मी नुसती सही केली, आत काय होतं मला माहीत नाही. उरले कस्तुरे. ते पिंजऱ्यात उभे राहिले, तेव्हा मी मागच्या बाकावर होतो.

"मृत्युपत्रात घर कोणाला दिलं होतं?" जीवनच्या वकिलानं विचारलं.

"सिंधूबाईंना... असं वाटतं."

"वाटतं, की तुम्ही वाचलं होतं?"

एक शब्द बोलले असते तर कदाचित घर वाचलं असतं. कस्तुरे खाली बघून म्हणाले, "मी वाचलं नव्हतं."

सिंधू हरली.

निकालानंतर कस्तुरे मला घेऊन दुसरबीडला गेले. सिंधू रस्त्यावरच्या एका ढाब्यामागे भाड्याच्या खोलीत राहायला आली होती, ढाब्यावर भाकऱ्या थापत होती. आम्हाला पाहून तिनं हात धुतले, चहा टाकला.

"माझ्यामुळं झालं हे, बाई," कस्तुरे म्हणाले.

"तुम्ही खोटं नाही बोलले, साहेब. मले त्याचा राग नाही." तिनं कप पुढं केले. "पण काका घरी येऊन म्हने, वकिलानं वाचूनच नाही दाखवलं. मीच त्याईले म्हनलं, मोठ्या लोकाईले घाई असते."

परतताना बसमध्ये मी समजूत घालायला गेलो, की डिस्क कोणाचीही जाते.

"डिस्क गेली त्याचं सोडा हो," ते म्हणाले. "म्हातारा पार दुसरबीडहून आला होता. माझ्यासमोर बसला होता. आणि मला त्याचा चेहरासुद्धा आठवत नाही."

मार्चमध्ये त्यांच्या नोटरीच्या परवान्याची मुदत संपली. नूतनीकरणाचा अर्ज मी आणून त्यांच्या टेबलावर ठेवला होता. तो त्यांनी भरला नाही.