टाकीत उतरायचा मान

लोखंडी झाकण बाजूला सरकलं, की अंगणाच्या फरशीत एक काळा चौकोन उघडे आणि त्यातून ओल्या सिमेंटचा, शेवाळाचा, वर्षभर साठून राहिलेल्या गारव्याचा वास वर येई... बाहेर वैशाखातलं ऊन, रस्त्यावर गुलमोहराचा लाल सडा, आणि माझ्या अनवाणी तळव्यांना मात्र खालची ती थंडी आधीच जाणवू लागे. बांबूची शिडी आत सोडून अण्णा, म्हणजे माझे वडील, माझ्याकडे पाहत आणि म्हणत, "सरी, उतर आता. स्वल्प जपून." सरी म्हणजे 'बरं', स्वल्प म्हणजे 'जरा'; दुकानातलं कानडी त्यांच्या मराठीत असं मिसळून गेलं होतं. वर्षभर मी त्या शब्दांची वाट पाहत असे.

बेंगळुरात जमिनीखालच्या या टाकीला सगळे 'संप' म्हणतात. पुण्याची मावशी आली की हसून विचारी, "तुमच्या अंगणात बारा महिने कुणाचा गं संप?" पण राजाजीनगरातल्या आमच्या छोट्याशा घराची सारी निश्चिंती त्या एका शब्दात साठलेली होती. नळाला पाणी दिवसाआड येई, कधी आठवडाभर येतच नसे. मग गल्लीतल्या बायका रंगीत प्लास्टिकच्या घागरी कमरेवर घेऊन कोपऱ्यावरच्या हातपंपाकडे निघत. आईनं लग्नानंतरची कितीतरी वर्षं तशीच काढली होती. म्हणून शिवणकामाचं दुकान सांभाळत अण्णांनी घर बांधायला काढलं, तेव्हा पाया भरण्याआधी त्यांनी टाकीचा खड्डा खणून घेतला. "नळ रुसला तरी माझ्या घरातली चूल अडायला नको," असं ते आल्यागेल्याला सांगत. गवंड्यानं तोंड तेवढं अरुंद ठेवलं. अण्णांचे रुंद खांदे त्यातून जात नसत. त्यामुळे दरसाल पावसाळ्याच्या तोंडावर गाळ काढायला घरातलं लहान माणूस उतरे – आणि ते लहान माणूस मी होते.

आत माझाच आवाज भारदस्त होऊन माझ्याकडे परत येई. पायाच्या बोटांमधून सरकणारा लोण्यासारखा गाळ, खराट्याची खरखर, वरून तिरपा उतरलेला प्रकाशाचा खांब, आणि त्या चौकोनात अण्णांचा चेहरा... एरवी तो चेहरा दुकानाचा असे, गिऱ्हाइकांचा असे, माझ्या धाकट्या भावाचा, नितीनचा, तर असेच असे. मी तळाशी असताना मात्र तो माझ्या एकटीचा होई.

मग एका उन्हाळ्यात मी मोठी झाले. म्हणजे आईनं तसं ठरवलं. झाकण सरकलं, शिडी आत गेली, मी परकराचा ओचा खोचला, तोच आई ओसरीवरून म्हणाली, "तू नको. त्या पाण्यानं देवाची पूजा होते. यंदापासून नितीन उतरेल."

मी अण्णांकडे पाहिलं. ते शिडीची गाठ तपासत राहिले.

नितीन शाळेत नुकता रमलेला, काळोखाला भिणारा, माझ्या परकराला धरून झोपणारा मुलगा. त्याला अण्णांनी आपल्या हातांनी जुनी चड्डी चढवली, कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाले, "सरी, उतर आता. स्वल्प जपून." तेच शब्द. त्याच आवाजात... माझ्या पोटात असं काही पेटलं, की ती आग विझवायला ती सगळी टाकी पुरली नसती. हा पडावा, घाबरावा, रडत वर यावा आणि अण्णांनी मान वळवून मला हाक मारावी – तुळशीपाशी उभी राहून मी मनातल्या मनात हेच मागत होते.

आणि ते खरं झालं. आत काहीतरी धप्पकन पडलं. नितीनच्या हातातली बॅटरी गाळात पडून विझली होती. मग रडणं, आणि थोड्या वेळानं रडणंही नाही.

"नितीन! शिडी धर, वर ये!" अण्णा पालथे पडून हात आत घालत होते, खांदा चौकोनाला अडत होता. आतून उत्तर येत नव्हतं.

"मी जाते," मी म्हणाले.

"अगं, नको..." आई म्हणाली.

"जाऊ दे तिला," अण्णा म्हणाले. मान माझ्याकडे वळवून. अगदी मी मागितलं होतं तसं.

तळाशी नितीन भिंतीला पाठ लावून उभा होता. माझा हात लागताच त्यानं तो दोन्ही मुठींत घट्ट धरला. "अक्का, वर अंगण आहे ना? ते आपल्यावर पडेल?"

"नाही पडत. चल वर."

"आधी गाळ काढू. नाहीतर अण्णा रागावतील. तू जाऊ नको पण."

मी खराटा मारला, त्यानं बादल्या भरल्या. हळूहळू तो बोलू लागला, मग प्रतिध्वनीला हाका मारू लागला. मी त्याला सांगितलं, इथून वर पाहा, अण्णा कसे दिसतात ते. एवढी एक गोष्ट मी कुणालाच दाखवली नव्हती.

आधी तो वर गेला. माझं डोकं चौकोनातून बाहेर येईपर्यंत अण्णांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं आणि फाटकापाशी जमलेल्या शेजाऱ्यांना सांगत होते, "माझा वाघ! सगळी टाकी धुतली!" आईनं मला पंचा दिला, न्हाणीघराकडे बोट केलं, आणि नितीनच्या हाती हळदीच्या पाण्याचा गडू देऊन म्हणाली, "आणखी एकदा जा रे. चारी कोपऱ्यांत शिंपडून ये."

तो सरसर उतरला. एकटा... आतून त्याचं हसणं घुमत होतं. न्हाणीघराच्या दारामागे उभी राहून मी ते ऐकत होते.

अण्णा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. आईला घेऊन मी त्याच घरात राहते. नितीनचं बिऱ्हाड शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला, उंच इमारतीत. गेल्या उन्हाळ्यात शहरातल्या बोअरवेल आटल्या, त्याच्याकडे टँकर येईनासा झाला. मी आधीच गच्चीवरचं पावसाचं पाणी टाकीत वळवून घेतलं होतं, मागच्या अंगणात दुसरी टाकीही बसवली होती. एका रविवारी तो बायको-मुलीला घेऊन, गाडीत रिकामे कॅन टाकून आला.

कॅन भरत असताना आई नातीला सांगू लागली, "तुझा बाबा एवढासा होता, तेव्हा या टाकीत एकटा उतरायचा. जरा भ्यायचा नाही."

मी नितीनकडे पाहिलं. तो कॅनचं झाकण आवळत होता. "खरंच भीती नाही वाटायची गं," तो लेकीला म्हणाला, "आतून वर पाहिलं ना, की आजोबा फार छान दिसायचे." त्याच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. त्याला आठवतच नव्हतं.

मी पुढचा कॅन भरायला घेतला. अण्णांनी कौतुकानं त्याला खांद्यावर घेतलं, त्याचा हेवा कधीतरी विरला असेल. आज हेवा वाटतो तो त्याच्या या निर्मळ विसरण्याचा.

गाडी कोपऱ्यावर वळली. एक कॅन गळत असावा. रस्त्यावर पाण्याची एक बारीक रेघ उमटली होती, आणि ती बघता बघता उन्हात वाळत होती.

"आपल्याला पुरेल ना गं पाणी?" आईनं विचारलं.

"पुरेल," मी म्हणाले.