धबधब्याखालची जागा

स्वयंपाकघराच्या मधोमध एक सुटा ओटा हवा, आणि त्याचा दगड कडेला थांबता कामा नये, दोन्ही बाजूंनी वळून थेट लादीपर्यंत खाली उतरला पाहिजे, हे एकदा माझ्या डोक्यात शिरलं आणि मी कामातून गेले. याला वॉटरफॉल आयलंड म्हणतात हे आमची जुनी बिल्डिंग पाडेपर्यंत मला ठाऊकही नव्हतं. नव्या बिल्डिंगमधलं स्वयंपाकघर चांगलं ऐसपैस निघालं आणि मी येता-जाता फोनवर ओटे बघू लागले. रिक्षात बघायचे, दाताच्या डॉक्टरकडे बघायचे, एकदा शेजाऱ्यांकडे सत्यनारायणाच्या पूजेत बसून पाहिले. नवरा म्हणाला, "लग्नाआधी माझा फोटोसुद्धा इतक्यांदा पाहिला नसशील तू." खरंच नव्हता पाहिला.

तेव्हा आम्ही बोरिवलीतच भाड्याच्या घरात राहत होतो. मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाई मालवणच्या. मुंबईत येऊन आयुष्य गेलं तरी त्यांनी ना भाषा बदलली ना जमिनीवरची बैठक. त्यांच्याकडे माहेरून आलेली विळी आहे, तिला त्या आडाळो म्हणतात. संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात खाली बसतात, विळीच्या पाटावर पाय दुमडून बांगडे साफ करतात, मग तिच्याच टोकाला नारळ खवतात, आणि तेवढ्या वेळात अख्ख्या सोसायटीच्या बातम्या देतात. मी ऑफिसातून आले की चहाचा कप घेऊन त्यांच्यासमोर फतकल मारते. दिवसभरात मला इतकं छान दुसरं काहीच वाटत नाही.

नव्या घराची किल्ली मिळाली त्या दिवशी मी रांगोळीचा डबा घेऊन गेले आणि रिकाम्या स्वयंपाकघरात जमिनीवर आयलंडचा चौकोन काढला. लांबी-रुंदी कागदावर कळत नाही, पायाला कळते. मी त्या चौकोनाभोवती फिरून खोटी खोटी भाजी चिरली, खोटा चहा ओतला, नवऱ्याला पलीकडे उभं करून खोटी पोळी वाढली. तो पण येडा, खाल्ली त्याने. आम्ही दोघं हसत सुटलो.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "घरात धबधबो कित्याक व्हयो गो?" त्यांनी विचारलं. मग चौकोनाच्या चारी बाजूंना उरलेली चिंचोळी वाट पाहिली. "आणि मी खंय बसू?"

मी अजून त्या खोट्या पोळीच्या नादात होते. म्हटलं, "आई, आता बसायचं नाही. उभं राहून झकास काम करायचं, राणीसारखं."

दोन दिवसांनी विळी तिच्या कोपऱ्यात दिसेना. पाहते तर जुन्या लुगड्यात गुंडाळून, वर सुतळी बांधून, त्यांच्या पिशवीशेजारी ठेवलेली. "चार दिस दिंडोशीक जातंय, थोरल्याकडे," त्या म्हणाल्या. चार दिवसांना कोणी विळी घेऊन जात नाही. दिंडोशीला त्या याआधी कितीदा राहून आल्या, पण विळी कधी हलली नव्हती. आयलंड तर मला अजूनही हवाच होता, लाज वाटण्याइतका हवा होता, आणि सासूबाईही हव्या होत्या. दोन्ही त्या चौकोनात मावत नव्हतं.

त्यांना सोडायला निघालो तो रविवार होता. दगडाचं दुकान जोगेश्वरीला, दिंडोशीच्या पुढे, आणि दुपारी बंद होणारं. म्हणून आधी दुकान, मग येताना दिंडोशी असं ठरलं. सासूबाई मागच्या सीटवर मांडीत गाठोडं घेऊन बसल्या. माझ्या मांडीत स्टीलचा डबा. त्यात आदल्या दिवशीचं बांगड्याचं तिखलं होतं आणि झाकणात थोडं कोकमाचं आंबटढाण आगळ.

"डबा कशाला?" नवऱ्याने विचारलं.

"दगडाला चाखवायला."

त्याने गाडी चालवता चालवता कपाळावर हात मारून घेतला. पण माझं म्हणणं साधं होतं. दुकानदार दगडावर पाणी टाकून दाखवतात. आमच्या घरात पाणी सांडत नाही, तिखलं सांडतं.

मालक भला माणूस, कपाळाला टिळा, आवाज मऊ. पांढऱ्या इटालियन मार्बलचा तुकडा, पांढऱ्या क्वार्ट्झचा तुकडा आणि काळा ग्रॅनाइट त्याने माझ्यापुढे मांडला. "भाभी, बेफिकर राहा, डाग पकडत नाही," असं तो म्हणतोय तोवर मी डबा उघडला. तिखल्यातल्या तिरफळाचा वास दुकानभर गेला. मालकाने एक पाऊल मागे घेतलं, मग आणखी एक, मग पंखा लावला. मी प्रत्येक तुकड्यावर चमचाभर रस्सा आणि थेंबभर आगळ ठेवलं आणि म्हटलं, आता जरा वेळ मुरू दे. एक जोडपं नळ बघायला आलं होतं, ते आमच्याकडे बघू लागलं. नवरा नळ बघणाऱ्यांत जाऊन उभा राहिला, जणू तो त्यांच्याबरोबरच आलाय.

पुसून पाहिलं तर मार्बलवर पिवळं वर्तुळ कायमचं बसलेलं, आणि आगळ पडलं तिथली चकाकीच गेलेली. क्वार्ट्झ ओल्या फडक्याने साफ झाला. ग्रॅनाइटवर डाग असलाच तरी दिसेना. आता काळा की पांढरा, असं मी सासूबाईंना विचारायला वळले, तर त्या नव्हत्या.

खुर्चीवर नव्हत्या. दाराशी नव्हत्या. मग मालकाचा दबका आवाज आला, "मांजी, ये डिस्प्ले है."

दुकानाच्या मध्यावर एक आयलंड मांडला होता. वर दगड, दोन्ही बाजूंना खाली उतरलेला दगड, आणि पोटात काहीच नाही, कारण कपाटं बसवलेली नव्हती. सासूबाई त्या पोटात बसल्या होत्या. उभं राहून कंटाळल्या आणि जमीन दिसली तिथे बसल्या, इतकंच. पण बसल्यावर त्यांनी डावीकडच्या दगडाला हात लावला, उजवीकडच्या लावला, वर हात करून डोकं लागतं का पाहिलं. मग गाडीतून बरोबर आणलेल्या गाठोड्याची सुतळी सोडली, लुगडं उलगडलं, विळी मांडली, पाटावर पाय दुमडला आणि हवेतला नारळ खवला.

"हयसर बरा आसा," त्या म्हणाल्या. "दोनय बाजूक भित. कोण पाय लावूचो नाय."

मी खाली वाकले. जोगेश्वरीच्या गुंफेतल्या देवीला वाकून पाहावं तसं. "आई, इथे बसाल?"

"बसान की. दिवो तेवढो लाव वरसून. आणि काळो दगड नको. काळोख करता."

मला इतकं हसू आलं की मी तिथेच, त्यांच्याशेजारी, दगडाखाली शिरून बसले. आम्ही दोघी मावलो, वर आणखी जागा उरली. बाहेर मला नवऱ्याचे बूट दिसत होते आणि मालकाच्या चपला. बूट थोडे घुटमळले आणि मग माझा नवरा, जो मघापासून आम्हाला ओळखत नव्हता, गुडघे टेकून आत डोकावला. "चहा सांगू का दोघींना?" त्याने विचारलं.

पांढरा क्वार्ट्झ ठरला. आतून बाहेरून पांढरा, म्हणजे दिव्याचा उजेड खाली भरपूर पडेल आणि खवलं उडाली तर दिसतील. मालकाने कागदावर चित्र काढता काढता विचारलं, पोटात ड्रॉवर किती, कपाटं किती, सिलिंडरची जागा कुठे. मी म्हटलं, काही नको, मोकळं ठेवा. तो म्हणाला, भाभी, सगळी जागा फुकट जाईल. सासूबाई तेव्हा शांतपणे त्याच्या डिस्प्लेवर माझ्या डब्यातून सांडलेला रस्सा आपल्या पदराने पुसत होत्या.

परतताना दिंडोशीच्या सिग्नलला नवऱ्याने गाडी हळू केली आणि आरशात मागे पाहिलं. मी मागे वळायची हिंमत केली नाही, फक्त मांडीतला रिकामा डबा घट्ट धरून बसले. विळीचं गाठोडं त्यांनी परत बांधलेलंच नव्हतं.

"सरळ घे रे," मागून आवाज आला. "बाजार बंद होयत."