आई आजारी नाही

झेंड्याची दोरी माझ्या हातात होती. अण्णांनी ती सगळ्या शाळेसमोर ओढून घेतली.

"तुज्या हातानं झेंडा चढायचा न्हाई. साकु, बास झालं."

अळणावरजवळचं आमचं गाव. पंधरा ऑगस्टला रजेवर आलेल्या जवानानं झेंडा चढवायचा, ही इथली रीत. अण्णा माझे चुलते, रिटायर हवालदार. भरतीसाठी मला रोज पहाटे पळवायचे ते हेच. पोरं बघत होती. माझे वडील, अप्पा, पहिल्या रांगेत मान खाली घालून उभे. मी युनिफॉर्ममध्ये होतो. सॅल्यूट केला. झेंड्याला. अण्णांना नाही.

गुन्हा एवढाच, की माझं एका पुरुषावर प्रेम आहे. बराकीत आमच्याच भागातल्या, कलघटगी गावच्या एका जवानानं माझा मोबाईल उघडला, मेसेज सगळ्यांना वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी शेजारची खाट रिकामी. बर्फात ज्यांच्या पाठीला पाठ लावून झोपलो, ते माझ्यासमोर कपडे बदलेनात. सुभेदारसाहेब म्हणाले, घरची अडचण दाखव, स्वतःहून नोकरी सोड, इज्जत राहील. त्या कलघटगीवाल्यानंच हे सगळं अण्णांनाही कळवलं.

झेंडावंदन झाल्यावर अण्णा अर्ज घेऊन घरी आले. त्यात माझ्या नावानं लिहिलेलं: आई अंथरुणाला खिळली आहे, बघायला कुणी नाही, मला नोकरीतून मोकळं करा. सोबत पंचायतीचा दाखला, शिक्क्यासकट. अप्पांनी पेन पुढं केलं. मी घेतलं. खोटं कशाला बोलू, मी हरलो होतो.

तेवढ्यात आई भातातली भांगलण उरकून आली, डोक्यावर गवताचा भारा. कागदात काय आहे, तिनं विचारलं. मीच वाचून दाखवलं. तिनं भारा खाली टाकला.

"मी आजारी न्हाई. मला आजारी पाडून तुमची अब्रू झाकू नकासा."

माझ्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. आठ दिवस झाले, अजून बोललेली नाही. पण हातातल्या त्या पेनाची मला भयंकर लाज वाटली. सही केली नाही. कागद फाडलेही नाहीत, ट्रंकेत ठेवलेत.

परवा रजा संपते. मी हजर होणार. साहेबांसमोर दाखला ठेवून सांगणार, हा खोटा आहे. माझ्या आईला काही झालेलं नाही. मलाही काही झालेलं नाही. मी माझ्या सहीनं जाणार नाही. काढायचं असेल तर खरं कारण लिहा, आणि खाली तुमची सही करा.