जनाअक्काचा ठसका

जनाअक्का कुणाकडूनही काही हातात घेतलं की आधी त्याचा वास घ्यायची. प्रसादाचा पेढा असो की लग्नाची पत्रिका. दूधवाला दारात आला की ती पातेलं पुढे करायची आणि अगदी सहज विचारायची, "पानी नळनं शे का इहीरनं?" दूधवाला बिचारा शपथा घ्यायचा. तिचं उत्तर ठरलेलं असे, "मी मन्हा डोयाघाई देखसू, मंग मानसू." स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती काही मानायची नाही.

पिंप्राळ्याच्या कॉलनीत आमची आणि तिची भिंत एकच होती. ती मूळची धुळ्याकडची, विधवा. मुलगा तिकडेच नोकरीला आणि ही इथे एकटी. आम्ही सामान उतरवत होतो तेव्हा नव्या शेजारणी चहा घेऊन येतात, तशी ही आली नाही. कमरेवर हात ठेवून टेम्पोतली एकेक वस्तू बघत उभी राहिली आणि म्हणाली, "कोठला शेतस तुम्ही? पहिलं घर कसाले सोडं?" जणू आम्ही कुणाचा संसार पळवून आणला होता. आमचे हे वरणगावच्या कारखान्यात होते. संध्याकाळी घरी आल्यावर म्हणाले, "आपल्याला कुलूप लावायची गरज नाही. सरकारने पहारा दिलाय."

गल्लीच्या टोकाला सुनंदाताई राहायच्या. शाळेत शिक्षिका. त्यांच्या दिवाणखान्यात बुद्धाची तसबीर होती. जनाअक्का त्यांच्याशी दारात उभी राहून तासभर बोले, पण पाण्याचा पेला पुढे आला की म्हणे, "उपास शे." आठवड्याचे सातही वार तिला त्या दारात उपास असायचा. सुनंदाताई काय ते समजायच्या, आणि पेला मुकाट्याने आत न्यायच्या.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला ह्यांना घशाचा कॅन्सर निघाला. तो शब्द तेव्हा कुणी मोठ्याने उच्चारत नसे. हा आजार लागट असतो, अशी समजूत चांगल्या शिकलेल्या घरांतही होती. कळलं तर कुणी आपल्या घरचं पाणी पिणार नाही, पोरांना आपल्या दारात खेळू देणार नाहीत, ही धास्ती आम्हाला. म्हणून मुंबईला जाऊन लाईट, म्हणजे किरणांचे उपचार, घेऊन आलो, आणि गल्लीत सांगितलं, लग्नाला गेलो होतो, तिथेच राहिलो. मग मी प्रत्येकीच्या तोंडाकडे बघायला लागले. हिला कळलं असेल का? त्या दोघी काय कुजबुजतायत? संशयाच्या बाबतीत मी जनाअक्काच्या वरताण झाले होते.

एक दिवस ती सरळ स्वयंपाकघरात आली. "का व शालू, तुन्हा घरमा मिरच्या भाजानं बंद कसाले व्हयनं?"

ह्यांचं तोंड आतून सोललं होतं, दुधात कुस्करलेली भाकरीसुद्धा झोंबायची, म्हणून घरातून मिरची हद्दपार झाली होती. भिंतीपलीकडे ठसका येईनासा झाला, तो हिने हेरला होता. ॲसिडिटी आहे, असं मी म्हटलं.

"खान्देशना माणूस अन् मिरची सोडी दिधी? माले खोटं नको सांगू."

मग मी सांगितलं. कुणाला बोलू नका, म्हणून हात जोडले. तिने ऐकून घेतलं, पदराने ओटा पुसला आणि म्हणाली, "चोरी करी का तुम्ही? आजारपन शे. मी बठ्ठास्ले सांगसू."

आणि गल्लीभर सांगितलंही. मला वाटलं, संपलं. आता दारं बंद होणार. पण दुसऱ्या दिवशी दुपारपासून डबे यायला लागले. कुणाची पातळ पेज, कुणाची मुगाची आटवलेली डाळ. मी ह्यांच्या रजेसाठी कारखान्यात आणि औषधांसाठी दवाखान्यात धावपळ करायचे तेव्हा ह्यांच्याजवळ आळीपाळीने कुणीतरी बसलेलं असायचं. अर्थात जनाअक्काचा कुणावरच विश्वास नव्हता. आमच्या उंबऱ्यात पाट टाकून ती बसायची. प्रत्येक डबा उघडून वास घ्यायची आणि बोटभर चाखायची. "मीठ जास्ती शे. परत ली जा." बाया कुरकुरायच्या, पण परत न्यायच्या आणि पुन्हा करून आणायच्या.

एकदा सुनंदाताई गुरगुट्या भाताचा डबा घेऊन आल्या. उंबऱ्याशी थबकल्या. मी आतून बघत होते. जनाअक्काने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. झाकण काढलं, वास घेतला, बोट बुडवून तोंडात घातलं. "तिखट नही. दे त्याले." त्या दिवशी हे पोटभर जेवले. तेव्हापासून रोजचा भात सुनंदाताईंचाच. उपास कुठे गेले, ते तिने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

हे गेले. घरात चूल पेटायची नव्हती, जेवण शेजारून यायचं. चाळीसगावहून माझ्या सासरचे आले, बाया दारावर येऊन रडून गेल्या. पंगतीला सुनंदाताईंचा डबा उघडला तेव्हा चुलतसासूंनी विचारलं, "हे कोणाच्या घरचं?" पंगत थांबली. जनाअक्का उंबऱ्यातूनच म्हणाली, "याच डबामाईन तो जेवना. मी चाखेल शे. खा." चुलतसासू खाली मान घालून जेवल्या. डबे आणणाऱ्या गल्लीतल्या त्या बायांचे उपकार मी ह्या जन्मात विसरणार नाही.

माणसं पांगली. मी एकटी राहिले. "जेवलीस का?" कुणी विचारलं की मी "हो" म्हणायचे. जनाअक्का मानेल तर शपथ. "खाई राहिनी म्हनस, मंग ठसका का बरं येत नही?" शेवटी एका दुपारी मी तवा ठेवला आणि मिरच्या भाजल्या. धूर कोंडला, डोळे वाहायला लागले आणि मी थांबवले नाहीत. भिंतीपलीकडून जोराचा ठसका आला, मग आवाज, "आते मानस."

पुढे मुलगा तिला धुळ्याला घेऊन गेला. काही वर्षांनी भेटायला गेले तेव्हा तिची दृष्टी गेली होती. सून दारात भेटली, रडकुंडीला आलेली. "गोळीच घेत नाहीत हो. तुम्ही मला काहीतरी दुसरंच देता, म्हणतात."

मी खाटेवर बसले. जनाअक्काने माझा हात चाचपला, नाकाशी नेला.

"शालू?"

"हो, अक्का."

उशाखालून तिने मूठ काढली आणि उघडली. सकाळची गोळी घामाने ओली झाली होती. तिने ती माझ्या तळहातावर ठेवली.

"आते डोया नही. तू देख अन् सांग."

मी सुनेकडून गोळ्यांचं पाकीट मागून घेतलं आणि गोळी ताडून पाहिली. "बरोबर आहे, अक्का. घ्या."

तिने वास घेतला नाही. तोंड उघडलं.